वाचनालयात बांधलेला सिंधुदुर्ग

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात शनिवारी दुपारी मुलं संगणकावर एक आभासी जग बांधतात. ठोकळ्यांचं जग. त्यात समुद्र आहे, बेट आहे आणि बेटावर सिंधुदुर्ग उभा राहिला आहे. आता आजूबाजूच्या वाचनालयांतून फोन येतात. कुठला गेम घेतला, खर्च किती आला, पोरं पुस्तकांकडे पाठ फिरवणार नाहीत ना, असं विचारतात. फोनवर तुटक तुटक सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून जे अनुभवातून कळलं ते सलग लिहून काढते आहे. खेळ मुलाला प्रश्नापर्यंत आणून सोडतो आणि तिथून पुढचं काम वाचनालयाचं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. हे पुढचं काम करायची तयारी नसेल, तर वाचनालयात गेमसाठी संगणक आणू नयेत असं मला ठाम वाटतं.

१. बांधायचं काय ते आधी ठरवावं

मुलांना मोकळं सोडलं की ती घर बांधतात, तळघर खणतात, एकमेकांच्या घरावर तोफा रोखतात. त्यात मजा आहेच, पण तेवढं मोबाइलवर घरीही होतं. वाचनालयात बांधायची वस्तू अशी हवी, जी खरोखर अस्तित्वात आहे, जिची मापं मिळतात आणि जिच्याविषयी आपल्या कपाटात चार पुस्तकं आहेत.

आमच्याकडे दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले होतात. पोती, दगड, चिखल, वरून अळीव नाहीतर मोहरी पेरायची, मावळे मांडायचे. त्यामुळे किल्ला हा विषय मुलांनीच सुचवला. सिंधुदुर्ग मी सुचवला. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही आणि जलदुर्ग म्हणजे काय हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. पुढे २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्ग आला, तेव्हा मुलं आपल्याच घराचं नाव पेपरात आल्यासारखी हरखली होती.

एक ठोकळा म्हणजे एक मीटर, हे प्रमाण पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिलं. तट सुमारे तीस फूट उंच, म्हणजे नऊ ठोकळे. जाडी बारा फूट, म्हणजे साडेतीनच्या आसपास. अर्धा ठोकळा कसा ठेवायचा यावर सहावीतल्या मुलांनी घातलेला वाद मी अजून विसरलेले नाही. शेवटी तट चार ठोकळ्यांचा झाला आणि तो खऱ्यापेक्षा जाड आहे हे वहीत नोंदवलं गेलं.

२. जुने संगणक पुरतात

आमच्याकडचे चार संगणक एका महाविद्यालयाने आपली प्रयोगशाळा नवी केली तेव्हा दिलेले. माइनक्राफ्टचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यासाठी खाती विकत घ्यावी लागतात आणि ती सांभाळावी लागतात. आम्ही लुआंटी वापरतो. हा मुक्त आणि विनामूल्य प्रकल्प आहे. फिनलंडच्या पेर्टू आहोलाने तो २०१० मध्ये माइनटेस्ट या नावाने सुरू केला, नवं नाव २०२४ पासूनचं. त्यात माइनक्राफ्टइतकी चकाकी नाही, पण जुन्या यंत्रावर तो सुरळीत चालतो आणि कोणाला ईमेल पत्ता द्यावा लागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका संगणकावर जग चालवायचं, बाकीचे केबलने एका स्विचला जोडायचे, झालं. इंटरनेट लागत नाही. इन्व्हर्टर मात्र मुख्य संगणकाला जोडून घ्यावा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

३. जे वाचून कळत नाही ते बांधताना कळतं

सिंधुदुर्गाचा महादरवाजा गोमुखी आहे. पुस्तकांत त्याचं वर्णन दोन-तीन ओळींत असतं. दार दोन बुरुजांच्या कवेत दडलेलं आहे, बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही, वाट वळण घेऊन आत जाते. मुलांनी हे मोठ्याने वाचलं, माना डोलावल्या आणि मालवणकडच्या तटात सरळ एक चौकोनी भोक ठेवून दोन्ही बाजूंना दोन बुरूज उभे केले. अगदी शोभिवंत दार झालं होतं.

मी काही बोलले नाही. लुआंटीत प्रत्येक खेळाडूला वेगवेगळे अधिकार देता येतात. त्यातला उडण्याचा अधिकार मी सगळ्यांचा काढून घेतला आणि दोघांना सांगितलं, "तुम्ही आता गनीम. होडीतून या आणि दार कुठे आहे ते सांगा." होडी अजून बरीच लांब होती, तोच एक जण ओरडला, "ते काय समोर!" मग पुस्तक पुन्हा उघडलं गेलं. 'कवेत' म्हणजे नेमकं कसं, हे एका मुलीने स्वतःचे दोन्ही हात पुढे घेऊन, एक हात दुसऱ्याच्या पुढे आणून करून पाहिलं. एका बुरुजाची भिंत पुढे वाढवून दुसऱ्याच्या आडवी घेतली, दार त्या वळणाच्या आत, तोंड फिरवून बसवलं. गनीम पुन्हा होडीतून आले. आता समोर नुसता तट दिसत होता. किनाऱ्याला लागून ते तटाच्या कडेने चालत गेले, वळणात शिरले आणि तिथेच थबकले, कारण दोन्ही बाजूंच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या वाटेवर, बाकीची मुलं उभी होती.

त्यानंतर जे प्रश्न आले ते मी तारीख घालून लिहून ठेवले आहेत. या वळणात हत्ती धावत येऊन दाराला धडक देऊ शकेल का? जंग्या (तटातली मारा करायची भोकं) खाली तोंड करून का असतात? चर्या (तटाच्या माथ्यावरचे आडोसे) नसत्या तर वर उभ्या माणसाचं काय झालं असतं? जंग्या, चर्या, फांजी हे शब्द मी शिकवले नव्हते. त्यांना त्या वस्तू बांधायच्या होत्या, म्हणून त्यांनी त्या शब्दांचे अर्थ शोधून काढले. दुर्गबांधणीवरचं जे पुस्तक आमच्या कपाटात कित्येक वर्षं कोणी मागितलं नव्हतं, त्यासाठी त्या महिन्यात मागणी नोंदवून वाट पाहावी लागली.

४. खेळ जिथे खोटं सांगतो, तिथे थांबावं

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. आभासी जग खोटं असतं आणि त्याचा खोटेपणा पकडणं हे उत्तम शिक्षण आहे. या खेळात झाडाचं खोड तोडलं तरी वरचा भाग हवेत तरंगतो. पाण्याचं तर विचारूच नका. खड्डा खणून त्यात दोन बादल्या नीट ओतल्या की त्यातून कितीही पाणी उपसा, ते संपत नाही.

उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या गावांना टँकर येतो. अशा गावातून येणारा एक मुलगा ते अखंड पाणी बघून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, हे खोटं आहे. असं पाणी कुठंच नसतं." त्या दिवशी बांधकाम बाजूला राहिलं. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हे मुलांनी वाचलं होतं. खेळात त्यांनी समुद्रापासून काही ठोकळ्यांवर विहीर खणून तिच्यात बादलीने पाणी ओतलं, तर ते समुद्राच्याच पाण्यासारखं दिसलं. खेळाला खारं-गोडं कळतच नाही. मग प्रश्न आला, चहूबाजूंनी खारं पाणी असताना खऱ्या किल्ल्यातल्या विहिरी गोड्या कशा?

याचं उत्तर मला येत होतं असं नाही. गावातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांना बोलावलं. त्यांनी काचेचा एक उंच पेला मागवला, त्यात मिठाचं पाणी घालून ते कुंकवाने लाल केलं आणि वरून चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी हळूहळू सोडलं. दोन थर झाले. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळे बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर होऊन राहू शकतं. हा थर समुद्रपातळीच्या वर एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत जातो, असं त्याचं गणित आहे. सरांनी लगेच बजावलंही, "हे बेटांचं सर्वसाधारण उत्तर झालं. पाणी झिरपू देणारा खडक असेल तर ते लागू. मालवणच्या त्या बेटाचा खडक कसा आहे ते बघितल्याशिवाय हेच कारण म्हणून लिहू नका." आमच्या वहीत हा प्रश्न अजून उघडा आहे आणि तो तसा असल्याचं मला समाधान आहे. टँकरच्या गावातला तो मुलगा आता भूजलावरची मिळतील ती पुस्तकं नेतो. आपल्या विहिरी आटतात कशा, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

५. पडद्यावर क्रमांक, कागदावर मजकूर

आमच्या संगणकांवर खेळातल्या पाट्यांवर मराठी नीट उमटत नाही. जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. अडचण मोठी होती, कारण प्रत्येक वास्तूवर पाटी लावायची असं ठरलं होतं. मुलांनीच तोड काढली. पाटीवर फक्त क्रमांक आणि मजकूर एका मोठ्या रुळाच्या वहीत. खेळातल्या सतरा नंबरच्या पाटीपाशी उभं राहायचं आणि वहीत सतरा नंबरचं पान उघडायचं.

आज पाट्यांवर मराठी नीट उमटू लागली तरी ही वही मी बंद करणार नाही. प्रत्येक पानावर तीन गोष्टी असाव्या लागतात: काय बांधलं, कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या पानावरून आणि कुठे अंदाज केला. गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' त्यात आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा खंड आहे, जो इंग्रजीत असल्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला गेला. किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, बेटाचं नाव कुरटे, क्षेत्र सुमारे ४८ एकर, अशा नोंदी आहेत.

याच वहीमुळे बुरुजांचा घोळ बाहेर आला. एका पुस्तकात बुरूज ४२, दुसऱ्यात ५२. मुलं माझ्याकडे आली ती मी निवाडा देईन या भरवशावर. मी उपग्रहाचं छायाचित्र काढून दिलं आणि मोजायला सांगितलं. चार गटांचे चार आकडे आले, कारण तटाचा प्रत्येक फुगवटा बुरूज धरायचा की नाही यावरच एकमत होईना. छापलेला आकडासुद्धा कोणीतरी काहीतरी ठरवून मोजलेला असतो, हे सातवी-आठवीच्या मुलांना इतक्या लवकर उमगलेलं मी दुसऱ्या कुठल्या उपक्रमात पाहिलेलं नाही.

६. एका संगणकावर दोघं

एक जण माउस धरणार, दुसरा पुस्तक धरणार आणि पुस्तकवाला सांगेल तेच बांधायचं. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. हा नियम नसेल तर धीट मुलं दिवसभर माउस सोडत नाहीत आणि मुली मागे उभ्या राहून बघत बसतात. आमच्याकडे मुलींसाठी सुरुवातीला वेगळी वेळही ठेवली होती, पुढे ती नको असं त्यांनीच सांगितलं.

एकमेकांचं बांधकाम पाडण्यावरून भांडणं होतात. मुलांना बसवून त्यांचे नियम त्यांनाच लिहू द्यावेत. आमच्या मुलांचा पहिला नियम होता, 'विचारल्याशिवाय कुणाचा ठोकळा हलवायचा नाही.' तो माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा जास्त पाळला जातो.

७. दुसऱ्याच्या जागेत घर बांधू नये

आभासी जगात वाचनालय ही कल्पना आपल्याला नवी वाटते, पण अमेरिकेत ती बरीच आधी होऊन गेली आहे. लिंडेन लॅब या कंपनीचं 'सेकंड लाइफ' हे आभासी जग २००३ मध्ये खुलं झालं. इलिनॉयमधल्या अलायन्स लायब्ररी सिस्टिमने २००६ मध्ये त्यात 'इन्फो आयलंड' नावाचं बेट घेतलं आणि तिथे ग्रंथपाल आभासी रूपात बसून संदर्भसेवा देऊ लागले, व्याख्यानं, प्रदर्शनं भरवू लागले. किशोरवयीन मुलांसाठी याच कंपनीचं वेगळं जग होतं, त्यात शार्लट शहराच्या सार्वजनिक वाचनालयाने मुलांबरोबर काम केलं. ही माणसं कल्पक होती आणि त्यांनी खूप कष्ट घेतले.

पण जागा भाड्याची होती. कंपनीने २०१० मध्ये मुलांचं ते जग बंद करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी शैक्षणिक संस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत काढून घेत असल्याचंही जाहीर केलं. अनेक संस्थांना आपली बेटं आवरती घ्यावी लागली. तिथे जे बांधलं होतं ते उचलून दुसरीकडे नेणं सोपं नव्हतं.

हा इतिहास वाचल्यापासून माझा आग्रह आहे की मुलांनी बांधलेलं जग वाचनालयाच्या ताब्यात असावं. लुआंटीतलं संपूर्ण जग म्हणजे संगणकावरचं एक फोल्डर असतं. दर शनिवारी संध्याकाळी त्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेते, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवते आणि तो दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटात ठेवते. आपण हस्तलिखितं जपतो, मग मुलांचं काम जपायला काय हरकत आहे?

८. डोक्याला लावायचे हेडसेट

असे हेडसेट आमच्याकडे एकदा दाखवायला आणले होते. चित्र फारच थक्क करणारं असतं, पण डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला आपण बसलेलो आहोत हे माहीत असतं, त्यामुळे काही मुलांना मळमळलं. एक मूल आत आणि बाकीची रांगेत, असं होतं. शेजारच्याशी बोलता येत नाही, पुस्तक बघता येत नाही. ग्रामीण वाचनालयाने त्यावर पैसे घालू नयेत.

९. मोठ्या मुलांना दाखवावं असं एक ग्रंथालय

१२ मार्च २०२० रोजी 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या संघटनेने माइनक्राफ्टमध्ये 'अनसेन्सर्ड लायब्ररी' उघडली. ज्या देशांत वर्तमानपत्रं आणि संकेतस्थळं दाबली जातात पण हा गेम चालतो, तिथल्या वाचकांसाठी बंदी आलेले लेख गेममधल्या पुस्तकांत लिहून ठेवले आहेत. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम अशी तिची दालनं होती. सौदी दालनात पत्रकार जमाल खशोगी यांचं लेखन आहे. ब्लॉकवर्क्स या चमूने ही लायब्ररी सव्वा कोटी ठोकळ्यांतून उभारली.

मी नववी-दहावीच्या मुलांना तिची चित्रफीत दाखवते. घुमटाखालचा तो प्रचंड सभामंडप पाहून त्यांचं पहिलं बोलणं वास्तूविषयीच असतं. पण पुढचा प्रश्न हमखास येतो, की लेख वाचण्यासाठी माणसांना गेममध्ये का शिरावं लागतं? त्या प्रश्नावर मी वर्तमानपत्रांच्या फायली काढून देते. आणीबाणीतले अंक आमच्याकडे आहेत.

१०. कार्यकारिणीला बोलवून बसवावं

'वाचनालय आहे की गेम पार्लर?' हा प्रश्न येणारच आणि तो आलाच पाहिजे. हे काळजीपोटी विचारलं जातं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपण अनुदान घेतो ते वाचनासाठी, तेव्हा जाब विचारणाऱ्याचा हक्क आहे. मी वाद घातला नाही. बालविभागाची देवघेव नोंदवही आणि मुलांची क्रमांकांची वही टेबलावर ठेवली आणि शनिवारी या, एवढंच म्हटलं. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आले आणि एका मुलीच्या शेजारी बसले. ती त्यांना वहीतून वाचून दाखवत होती आणि पडद्यावर तटावरून फिरवत होती. तरुणपणी ते मालवणला नोकरीला होते. "बाळ, इथे दार आहे खरं, पण होडीतून उतरल्यावर पायाखाली वाळू लागते, तुमच्याकडे खडक दिसतोय," असं त्यांनी सांगितलं. तिने तिथल्या तिथे खडक काढून वाळू घातली आणि वहीत स्रोताच्या जागी 'आजोबांनी सांगितलं' असं लिहिलं. पुढच्या बैठकीत संगणकांपुढच्या जुन्या खुर्च्या बदलण्याचा ठराव त्यांनीच मांडला.

हे करायला ग्रंथपालाला गेम खेळता यायलाच हवा असं नाही. मुलं दोन तासांत आपल्यापेक्षा तरबेज होतात. आपल्याला पुढच्या आठवड्यात मुलं कुठे अडणार हे ओळखून त्या विषयाचं पुस्तक आधी चाळून ठेवावं लागतं. त्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ राखून ठेवावी.

११. पुढचं काम

सिंधुदुर्गाचा तट पूर्ण झाला आहे. आता मुलांना जवळची, हाताने मोजता येईल अशी वास्तू हवी आहे. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर ठरली आहे. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. वरून अष्टकोनी, आत खोल जिना, मधे चक्क महालासारखी खोली आणि एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. ठोकळ्यांत अष्टकोन कसा काढायचा यावर आत्ताच कागदावर खल सुरू झाला आहे, कारण तिरपी रेघ चौकोनांत बसत नाही. एसटीचं वेळापत्रक काढलं आहे, लांब टेप मागून आणला आहे. मोट कोणीच पाहिलेली नाही, म्हणून प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं आहे: एका मोटेत पाणी किती मावायचं, बैल दिवसाला किती खेपा मारायचे आणि विहिरीत पाणी उतरलं की मोट कोणाची आधी थांबायची.